आषाढातील क्रिकेट : हंगामापूर्वीची एक पारख

क्रिकेटचा हंगाम शरदाच्या कोरड्या उन्हात सुरू होतो असे मानून पहिल्या रणजी सामन्याच्या दिवशी वर्तमानपत्र उघडणारा रसिक आणि त्याच्या तीन महिने अगोदर, आषाढाच्या झडीत, मैदानाच्या कडेला छत्री धरून उभा राहणारा रसिक, हे दोघेही एकाच खेळावर प्रेम करीत असले तरी त्यांच्या प्रेमाची रीत निराळी आहे. पहिल्याला खेळाडूची कामगिरी पाहावयाची असते. दुसऱ्याला, ती कामगिरी जिच्यातून पुढे निपजणार आहे ती त्याची अवस्था पाहावयाची असते. फलंदाजाचा फॉर्म म्हणजे त्याच्या गेल्या चार-पाच डावांची बेरीज, ही समजूत इतकी रूढ झाली आहे की निवड समित्यांच्या चर्चेतही तिच्यापलीकडे क्वचितच कोणी जात असेल. परंतु हंगामापूर्वीच्या खेळाचा ज्यांनी मन लावून अभ्यास केला आहे त्यांना ठाऊक असते की या काळातल्या धावा हा फार कच्चा पुरावा आहे आणि पक्का पुरावा फलंदाजाच्या पावलांत, हातांत आणि चुकलेल्या चेंडूनंतरच्या त्याच्या वर्तनात असतो. हा पुरावा तपासण्याची एक सोय मुंबई शहरास गेली पाऊणशे वर्षे लाभली आहे. डॉ. एच. डी. कांगा स्मृती क्रिकेट लीग हे तिचे नाव, आणि प्रस्तुत लेख तिच्याविषयी आहे.

मी खारदांड्याचा रहिवासी. आमच्या या कोळीवाड्यात हंगामापूर्वीच्या काळाची महती कोणास पटवून द्यावी लागत नाही. १ जून ते ३१ जुलै या मुदतीत यांत्रिक मासेमारीस सरकारी मनाई असते, समुद्र खवळलेला असतो, होड्या किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण होईपर्यंतचा सारा काळ जाळ्यांच्या डागडुजीत, बुडाच्या फटी बुजविण्यात आणि इंजिने उघडून साफ करण्यात जातो. जाणता कोळी श्रावणातील पहिल्या मासळीवरून होडीची परीक्षा करीत नाही. ती त्याने जुलैतच, तिच्या फळ्यांवर हात फिरवून, केलेली असते. क्रिकेटपटूकडे पाहण्याची माझी दृष्टी या शेजारातूनच घडली असावी.

दांड्याहून बसने खार स्थानक आणि तेथून चर्चगेटची लोकल, हा रविवारचा मार्ग रेल्वेचा ब्लॉक नसेल तर सुखाचा आहे. चर्चगेटला उतरले की ओव्हल, क्रॉस आणि आझाद ही तीन मैदाने पायी जाण्याच्या अंतरावर एकामागून एक लागतात. ओव्हलच्या पूर्वेस उच्च न्यायालयाची आणि विद्यापीठाची दगडी इमारती, राजाबाई मनोरा. क्रॉस मैदानावर क्लबांचे तंबू. आझाद मैदानावर एकमेकांच्या सीमारेषा ओलांडणाऱ्या वीसबावीस खेळपट्ट्या, जेथे एका सामन्यातील पॉइंट दुसऱ्या सामन्याच्या मिडविकेटला पाठ लावून उभा असतो. या गर्दीत एकाच वेळी चार-पाच सामने पाहता येतात, आणि तुलनेवाचून पारख होत नसल्यामुळे ही सोय माझ्या मते एखाद्या स्टेडियमच्या भव्यतेपेक्षा अधिक मोलाची आहे.

ज्यांच्या नावाने ही स्पर्धा चालते ते डॉ. होरमसजी कांगा पारशी क्रिकेटच्या वैभवकाळातील नामांकित फलंदाज होते. पेशाने वैद्य, युरोपीय संघाविरुद्धच्या प्रेसिडेन्सी सामन्यांत द्विशतक काढणारे, आणि पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली १९११ मध्ये जो पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला त्यातले एक सभासद. त्याच दौऱ्यात पळवणकर बाळू यांनी इंग्लंडच्या ओलसर खेळपट्ट्यांवर आपल्या डावखुऱ्या फिरकीने शंभराहून अधिक बळी मिळविले होते, ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद करण्याजोगी आहे. कारण ओली जमीन आणि भारतीय क्रिकेटपटू यांचा संबंध किती जुना आहे हे तिच्यावरून ध्यानात येते. कांगांनी पुढे मुंबई क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्षपद भूषविले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९४८ च्या पावसाळ्यात, त्यांच्या स्मृत्यर्थ ही लीग सुरू झाली. क्लबांची संख्या वाढत गेली तशी तिचे सात विभाग झाले, ‘ए’पासून ‘जी’पर्यंत, प्रत्येकात चौदा संघ. जुलै ते सप्टेंबर हा तिचा परंपरागत काळ, रविवार हा तिचा वार, आणि आच्छादन न घातलेली खेळपट्टी हा तिचा प्राण.

या शेवटच्या गोष्टीवर थोडे थांबले पाहिजे, कारण आजच्या तरुण वाचकाने झाकलेल्या खेळपट्टीखेरीज दुसरी पाहिलेलीच नसण्याचा संभव आहे. पावसाने पूर्ण भिजलेली खेळपट्टी तितकीशी भयंकर नसते. तिच्यावर चेंडू मंद होतो, थांबून येतो, कधी घसरतो, आणि धीर धरणाऱ्यास त्याच्याशी जुळवून घेता येते. खरी परीक्षा पाऊस उघडून ऊन पडल्यावर सुरू होते. वरचा थर वाळू लागतो, आतला ओलावा मात्र तसाच राहतो, आणि या अर्धवट वाळलेल्या मऊ सालीत चेंडू क्षणभर रुतून तिचा लहानसा तुकडा उखडून उसळी घेतो. एक चेंडू घोट्याजवळून जातो, त्याच टप्प्यावरचा पुढचा छातीपर्यंत येतो; फिरकी चेंडू वळतोही आणि उडतोही. अशा वेळी पाऊल पुढे टाकून चेंडूच्या रेषेत बॅट ठोकणारा फलंदाज झेल देऊन परततो, आणि जो चेंडूला शेवटच्या क्षणापर्यंत येऊ देतो, मनगटे सैल ठेवतो, बॅटवरचा खालचा हात मोकळा करून उसळलेला चेंडू पायाशी मृत पाडतो, तोच तासभर टिकतो. त्यात बाहेरच्या मैदानावर गवत घोट्याच्या वर वाढलेले. जमिनीलगत मारलेला सुरेख कव्हर ड्राइव्ह तीस पावलांवर गवतात अडकून पडतो, क्षेत्ररक्षकांना कधी चेंडू शोधावा लागतो, आणि चौकार हवा असेल तर तो हवेतूनच मारावा लागतो. ज्या शहराच्या फलंदाजीची ख्याती सरळ बॅट आणि जमिनीलगतचे फटके यांसाठी आहे, त्याच शहराने आपल्या मुलांना उचलून मारण्याचे शिक्षणही या गवतातच दिले, ही बाब इतिहासलेखकांकडून काहीशी दुर्लक्षित राहिली आहे.

लीग सुरू झाली त्या काळी भारतीय फलंदाजांना अशा शिक्षणाची किती निकड होती हे चारच वर्षांत जगजाहीर झाले. १९५२ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दौऱ्यावर हेडिंग्लेच्या कसोटीत दुसऱ्या डावात शून्य धावा आणि चार बळी असा भारताचा फलक लागला, आणि त्याच दौऱ्यात ओल्ड ट्रॅफर्डवर ओल्या खेळपट्टीवर एकाच दिवसात भारताचे दोन्ही डाव ५८ आणि ८२ धावांत आटोपले. फ्रेड ट्रूमनच्या वेगाची दहशत हे त्याचे कारण म्हणून सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. परंतु त्याच हेडिंग्लेवर पहिल्या डावात वीस वर्षांच्या विजय मांजरेकरांनी १३३ धावा काढल्या होत्या, हे सांगितल्यावाचून ती हकीकत पूर्ण होत नाही. मांजरेकर शिवाजी पार्क जिमखान्याचे. मुंबईच्या पावसाळी मैदानांवर वाढलेल्या पोराला मागच्या पावलावर उभे राहून उशिरा खेळण्याची जी सवय जडली होती, तिचा तो पहिला मोठा जाहीर दाखला होता असे मी मानतो.

पुढील दाखले अधिक आनंदाचे आहेत. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमध्ये प्रथमच मालिका जिंकली. लंडनच्या ओव्हलवरील चंद्रशेखरच्या ३८ धावांतील सहा बळींची आठवण सर्वांना असते, पण त्याआधी ओल्ड ट्रॅफर्डच्या थंड, ढगाळ वातावरणात हिरव्या खेळपट्टीवर सुनील गावसकरांनी काढलेल्या ५७ धावा आणि तीन वर्षांनी त्याच मैदानावर, तशाच गारठ्यात, काढलेल्या १०१ धावा या मुंबईच्या रविवारांच्या कमाईत जमा केल्या पाहिजेत. गावसकर दादर युनियनचे. माटुंग्याच्या मैदानावर माधव मंत्र्यांसारख्या कडक शिस्तीच्या कर्णधारांची परंपरा असलेला हा क्लब आणि शिवाजी पार्क जिमखाना यांच्यातील लढत म्हणजे एके काळी मुंबई क्रिकेटचा वार्षिक उत्सवच होता. इंग्लंडहून विमानाने उतरून गावसकर थेट कांगा लीगच्या सामन्याला रुजू झाल्याची कथा मैदानावर अजून अभिमानाने सांगितली जाते. त्याच दादर युनियनच्या दिलीप वेंगसरकरांनी १९८६ मध्ये हेडिंग्लेच्या वाकड्यातिकड्या खेळपट्टीवर ६१ आणि नाबाद १०२ धावा काढल्या, ज्या सामन्यात दोन्ही संघांच्या इतर कोणत्याही फलंदाजाला शतक जवळूनही दिसले नाही. चौतीस वर्षांपूर्वीच्या शून्याला चार या फलकाचा हिशेब त्याच मैदानावर चुकता झाला, आणि तो चुकता करणारा पुन्हा कांगा लीगचाच शागीर्द निघाला. सचिन तेंडुलकर १९८४ मध्ये जॉन ब्राइट क्लबकडून या लीगमध्ये प्रथम उतरला तेव्हा अकरा वर्षांचा होता, एवढा उल्लेख येथे पुरे.

गोलंदाजांचा विचार करताना एक नाव मनात सर्वांत आधी येते. शिवाजी पार्क जिमखान्याचे पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी मिळविले आणि कसोटी सामना त्यांना एकही मिळाला नाही. बिशनसिंग बेदींचा समकालीन डावखुरा फिरकीपटू असणे हाच काय तो त्यांचा कसूर. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तामिळनाडूविरुद्ध त्यांनी १६ धावांत आठ आणि १८ धावांत पाच बळी घेतले, आणि मुंबईचे सलग पंधरावे विजेतेपद त्या खेळपट्टीवर तिसऱ्या दिवशीच निश्चित झाले. ती खेळपट्टी कोरडी, धुळीने माखलेली होती, ओली नव्हती. तथापि आपल्याला साथ देणाऱ्या खेळपट्टीवर अधीर न होता एकाच टप्प्यावर चेंडू टाकत राहणे ही विद्या पावसाळ्यात शिकावी लागते. ओल्या मैदानावर प्रत्येक चेंडू काहीतरी करतो, त्यामुळे प्रत्येक चेंडूने काहीतरी करून दाखविण्याचा मोह गोलंदाजाला होतो, आणि त्या मोहाला बळी पडणारे शेकडो फिरकीपटू क्रॉस मैदानाने पाहिले आहेत. शिवलकर ३ मार्च २०२५ रोजी निवर्तले. त्यांच्या बळींच्या आकड्यापेक्षा त्यांची ती अढळ, किंचित संथ लय ज्यांनी पाहिली त्यांना आजही एखादा नवा डावखुरा पोरगा दिसला की नकळत तिच्याशी तुलना करावीशी वाटते.

आता पारखीच्या पद्धतीविषयी. हंगामापूर्वी फलंदाज पाहताना मी प्रथम त्याची धावसंख्या विसरण्याचा प्रयत्न करतो, आणि हे सोपे नाही, कारण तंबूपाशी पोहोचताच कोणीतरी ती सांगतेच. पाहण्याची पहिली गोष्ट म्हणजे पहिल्या वीस चेंडूंत त्याचे डोके कोठे आहे: पावलाच्या वर, की पावलाच्या बाहेर ऑफच्या बाजूला झुकलेले? विश्रांतीनंतर परतलेल्या फलंदाजाचा तोल सर्वप्रथम येथे बिघडतो, आणि हा बिघाड कोरड्या खेळपट्टीवर पन्नास धावा काढूनही लपून राहू शकतो, ओल्या खेळपट्टीवर तो लपत नाही. दुसरी गोष्ट, बॅट आणि पॅड यांतील अंतर. ते उजव्या हाताच्या पकडीवर अवलंबून असते, आणि पकड घट्ट झाली की मनगट आवळते व चेंडू येण्यापूर्वीच बॅट पुढे निघते. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे चुकल्यानंतरचा चेंडू. या खेळपट्टीवर चेंडू बॅट चुकवून जाणारच. त्यानंतर फलंदाज खेळपट्टीकडे रागाने पाहतो, मोठा फटका मारून अपमानाची भरपाई करतो, की पुन्हा त्याच जागी त्याच शांतपणे उभा राहतो, यावरून त्याच्या मनाची तयारी जितकी कळते तितकी कोणत्याही मुलाखतीवरून कळत नाही. ‘खडूस’ हे विशेषण मुंबईच्या फलंदाजाला ज्या गुणासाठी लावले जाते तो गुण या क्षणी पाहावा.

गोलंदाजाची तपासणी वेगळी. त्याचे पहिले षटक पाहून काही उपयोग नसतो. चौथे किंवा पाचवे पाहावे. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय ओल्या जमिनीवर घसरण्याच्या भीतीने आखडता पडत असेल तर त्याचा वेग कमी होतो एवढेच नव्हे, तर त्याची पाठ अधिक वळते, आणि पुढे डिसेंबरात ज्या दुखापतीची बातमी येते तिची बीजे कित्येकदा येथे दिसतात. फिरकीपटूच्या बाबतीत ओला चेंडू हा न्यायाधीश आहे: पकड सुटते, बोटांना वळण देता येत नाही, आणि ज्याची भिस्त केवळ बोटांवर नसून खांद्यावर आणि कमरेच्या वळण्यावर असते तो अशाही चेंडूला काही करायला लावतो. क्षेत्ररक्षकाची तंदुरुस्ती तर या गवताइतकी कोणीच उघडी पाडीत नाही. संध्याकाळी साडेचारला, चिखलाने जड झालेले बूट घेऊन, दुसऱ्याच्या फटक्यामागे जो मनापासून धावतो त्याचे नाव मी वहीत लिहून ठेवतो.

अशी वही ठेवणारे रसिक केवळ मुंबईतच आहेत असे नाही. दूरच्या मेलबर्न शहरात ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचे चाहते दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये हेच करीत असतात, आणि त्या खेळाचे कूळ शोधू गेल्यास आपल्या कांगा लीगशी त्याचे नाते अगदी जवळचे निघते. टॉम विल्स हा व्हिक्टोरियाच्या क्रिकेट संघाचा कर्णधार. हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगे जड होऊ नयेत यासाठी एक फुटबॉल क्लब काढावा, अशी सूचना करणारे पत्र त्याने १० जुलै १८५८ रोजी एका क्रीडा-साप्ताहिकात प्रसिद्ध केले, आणि पुढील वर्षी १७ मे रोजी मेलबर्न फुटबॉल क्लबने त्या खेळाचे नियम लिहून काढले. तेव्हा जुलै हा तेथला हिवाळा, येथला पावसाळा. दोन्ही ठिकाणी क्रिकेटला सुट्टी, आणि दोन्ही ठिकाणी त्या सुट्टीतून एक नवी संस्था उदयास आली. तेथे तो स्वतंत्र खेळ झाला, क्रिकेटच्याच लंबवर्तुळाकार मैदानावर अठरा विरुद्ध अठरा खेळाडूंनी खेळावयाचा. येथे क्रिकेटनेच पाऊस अंगावर घेतला.

त्या फुटबॉलचा हंगाम मार्चपासून सप्टेंबरअखेर चालतो. खेळाडू साधारण नोव्हेंबरात सरावास परततात, दोन किलोमीटरची धाव घड्याळ लावून धावतात, आणि तिच्या वेळा जाहीर होताच चाहते त्यांवरून वर्षाचे भाकीत करू लागतात. १९८८ पासून २०१३ पर्यंत तेथे हंगामापूर्वीची एक स्वतंत्र चषक-स्पर्धाच होती. ती जिंकणाऱ्या संघाला पुढे मुख्य विजेतेपद मिळेलच अशी हमी कोणी देत नसे, आणि आज तिच्या जागी केवळ सरावाचे सामने उरले आहेत. या सामन्यांत प्रशिक्षक बचावपटूला पुढे खेळवून पाहतो, ज्येष्ठ खेळाडूला अर्ध्या वेळातच बाहेर बसवितो, नवख्याला लांबलचक संधी देतो. म्हणून तेथला जाणता प्रेक्षक गोलांची संख्या बाजूला ठेवून पाहतो ती एकच गोष्ट: चेंडू आपल्याकडे नसताना खेळाडू कोठे धावतो. मला या शिकवणुकीत आपल्या मैदानाचा प्रतिध्वनी ऐकू येतो. फरक एवढाच की मेलबर्नच्या खेळाडूला सरावाच्या सामन्यात राखून खेळण्याची मुभा असते, आणि कांगा लीगची ओली खेळपट्टी ती मुभा कोणालाच देत नाही.

धावांचा पुरावा कच्चा असतो असे मी वर म्हटले, त्याचे ताजे उदाहरण २०२५ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्राने पाहिले. पृथ्वी शॉ हे नाव आमच्या भागाला शेजारचे. विरारहून लोकलने येऊन वांद्र्याच्या रिझवी शाळेकडून खेळणाऱ्या या मुलाने नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात याच आझाद मैदानावर ५४६ धावा काढल्या होत्या, आणि २०१८ मध्ये राजकोटला कसोटी पदार्पणातच शतक. मधल्या वर्षांत बरेच काही घडले आणि २०२५ मध्ये तो मुंबई सोडून महाराष्ट्राकडून खेळू लागला. रणजी हंगामापूर्वी गहुंजे येथे महाराष्ट्र आणि मुंबई यांच्यात सराव सामना झाला; त्यात शॉने १८१ आणि त्याचा जोडीदार अर्शिन कुलकर्णी याने १८६ धावा काढल्या, सलामीची भागीदारी तीनशेपलीकडे गेली, आणि महाराष्ट्राच्या सलामीचा प्रश्न सुटला असे सर्वांनी मानले. आठवडाभराने तिरुवनंतपुरम येथे केरळविरुद्ध पहिला खरा सामना सुरू झाला तेव्हा हे दोघेही शून्यावर बाद झाले, तिसराही शून्यावर गेला, आणि फलकावर शून्य धावा व तीन बळी लागले. त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात शॉने ७५ केल्या, आणि पुढच्याच सामन्यात चंडीगडविरुद्ध ८ आणि २२२.

या आकड्यांच्या रांगेतून, १८१, ०, ७५, ८, २२२, कोणता निष्कर्ष काढावा? ज्याने केवळ सराव सामन्याची बेरीज पाहिली तो केरळच्या सकाळी फसला, आणि ज्याने केरळचे शून्य पाहून त्याला मोडीत काढले तो पंधरवड्याच्या आत पुन्हा फसला. गहुंजेच्या सपाट खेळपट्टीने त्याच्या हातांची आणि नजरेची स्थिती खरी सांगितली होती. नव्या चेंडूसमोर पहिल्या वीस चेंडूंतील त्याच्या तोलाविषयी ती काहीच सांगू शकत नव्हती, कारण तो प्रश्न तिने विचारलाच नव्हता. ओल्या खेळपट्टीवरील एक तासाचा खेळ हा प्रश्न विचारतो. सलामीच्या फलंदाजाची परीक्षा घ्यावयाची असेल तर त्याला हंगामापूर्वी तीस कठीण धावा करावयास लावाव्यात, दीडशे सोप्या नव्हेत, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे.

त्याच महिन्यात शिवाजी पार्कवर वेगळे दृश्य होते. ऑस्ट्रेलियाला निघण्यापूर्वी रोहित शर्मा तेथे सरावास उतरला आणि त्याला पाहण्यास एखाद्या सामन्याइतकी गर्दी लोटली. वजन लक्षणीय उतरलेले, कमर सडपातळ, वय अडतीस. गर्दीने टाळ्या वाजविल्या त्या उंच फटक्यांना. परंतु सरावाच्या जाळ्यातील षटकार हा फॉर्मचा पुरावा मानता येत नाही. पाहण्याजोगी होती ती शरीराची हलकी झालेली हालचाल, मागच्या पावलावर जाण्यातील पूर्वीची चपळाई. पर्थला तो आठ धावांवर बाद झाला आणि लगोलग शंकेखोर बोलू लागले. अॅडलेडला ७३ आणि सिडनीला नाबाद १२१ काढून तो मालिकेचा मानकरी ठरला. शरीराची तयारी पाहणाऱ्याला या तिसऱ्या आकड्याचे आश्चर्य वाटले नसेल.

हंगामापूर्वीची पारख दरबारी रुजू होतेच असे मात्र नाही. सर्फराज खानने २०२५ मध्ये सतरा किलो वजन उतरविले, ऑगस्टात चेन्नईच्या बुची बाबू स्पर्धेत मुंबईकडून १३८ आणि १११ धावा काढल्या, आणि तरीही वेस्ट इंडिजविरुद्धच्या मायदेशातील कसोटी संघात त्याचे नाव आले नाही. तंदुरुस्तीविषयी ज्याला वर्षानुवर्षे बोल लावले त्याने तंदुरुस्ती आणि धावा दोन्ही हजर केल्यावर निवड समितीने निदान कारण जाहीर करावयास हवे होते. बुची बाबू स्पर्धेचे वाढलेले महत्त्व मला नाकारावयाचे नाही. ती चांगल्या मैदानांवर, अनेक दिवसांच्या सामन्यांनी खेळली जाते, आणि हंगामाची ती उत्तम तालीम आहे. पण ती झाकलेल्या खेळपट्टीवरची तालीम आहे.

आणि येथेच माझी कांगा लीगविषयीची चिंता सुरू होते. कोरोनाच्या काळात तिच्यात खंड पडला. त्याआधीपासूनच मैदानांच्या अवस्थेचे, पाण्याच्या निचऱ्याचे आणि दुखापतींच्या भीतीचे कारण देऊन तिचा आरंभ पुढे ढकलण्याकडे कल वाढत गेला आहे, आणि पाऊस सरत आल्यावर सुरू झालेली कांगा लीग ही नावाचीच कांगा लीग असते. मोठे खेळाडूही आता तिच्याकडे वळत नाहीत. वर्षाचे अकरा महिने क्रिकेट खेळणाऱ्याला जुलैतील रविवारी विश्रांती हवी असते आणि तो मोह त्याच्या देहाच्या हिताचाही असेल. मुंबईने २०२४ च्या मार्चमध्ये बेचाळिसाव्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा लीगच्या ऱ्हासाने संघाचे काही बिघडले नाही असा युक्तिवाद करता येतो, आणि तो निरुत्तर करणारा नसला तरी खोडून काढण्यास सोपा नाही. परंतु विजेतेपदे एका पिढीच्या शिक्षणाची फळे असतात आणि शिक्षण बंद पडल्याची वार्ता फळांना उशिरा पोहोचते. उसळत्या, थांबून येणाऱ्या चेंडूसमोर आजचे तरुण फलंदाज ज्या घाईने बॅट पुढे फेकतात ती पाहून मला माझे मत बदलावेसे वाटत नाही.

म्हणून मुंबई क्रिकेट असोसिएशनपुढे माझी मागणी मोठी नाही. सातही विभाग जुलैत खेळविणे मैदानांना झेपत नसेल तर निदान ‘ए’ विभागाचे सामने जुलैच्या पहिल्या रविवारी सुरू करावेत, त्यांसाठी निचरा नीट होणारी चार-सहा मैदाने राखून ठेवावीत, खेळपट्टी मात्र उघडीच ठेवावी. कनिष्ठ निवड समितीच्या किमान एका सभासदाने प्रत्येक रविवारी एका सामन्याला आरंभापासून अखेरपर्यंत हजर राहावे. आणि त्याने आपल्या टिपणात धावांखेरीज हेही लिहावे की फलंदाज किती चेंडू खेळला, किती वेळा चुकला, आणि चुकल्यानंतरचा चेंडू त्याने कसा खेळला. कारकुनी दृष्टीने हे काम एका वहीचे आणि एका पेन्सिलीचे आहे. ऑक्टोबरात रणजीचा संघ निवडावयास बसताना ती वही टेबलावर असावी. सामन्यांचे वेळापत्रक आठवडाभर अगोदर वर्तमानपत्रांत द्यावे, म्हणजे बोरिवली, मुलुंड, घाटकोपर आणि आमच्या दांड्याहून येणाऱ्या रसिकांनाही कोणत्या मैदानावर कोण खेळणार हे शनिवारी रात्रीच कळेल.